तलावाकाठी एक रात्र : जावं का आणि कसं जावं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सव म्हटला की सत्कार, स्नेहभोजन आणि स्मरणिका ही तीन कामं ठरलेलीच. आपल्या तरुण सभासदांनी या वेळी चौथी सूचना मांडली. सगळ्या कुटुंबांनी मिळून एखाद्या तलावाकाठी जायचं आणि एक रात्र तंबूत राहायचं. सूचना आली आणि मागच्या सभेत सरळ दोन तट पडले. एक गट म्हणाला, पवनेला जाऊ. दुसरा म्हणाला, हॉलमध्ये जेवण ठेवा, आपापल्या घरी झोपू, पाण्याच्या भानगडीत पडूच नका. सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बँकेतले. दोन्ही बाजूंचा ताळेबंद मांडा." म्हणून आज उभा आहे.

निवृत्तीनंतर सौभाग्यवती, दोन जुने सहकारी आणि मी असे दरवर्षी हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या पाण्याकाठी जातो. भंडारदरा पाहिलं, पवना पाहिलं, तोरणमाळला चार वेळा राहिलो, आणि आपलं उकाई तर उंबऱ्यातलंच. तेवढ्या अनुभवावर बोलतो. वयाने पंचाहत्तरीकडे चाललो आहे, त्यामुळे गुडघ्यांचं मतही मी विचारात घेतलं आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हे कॅम्पिंगचं खूळ परदेशातून आलं असं काही ज्येष्ठांना वाटतं. आपल्याच जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांचे व्यापारी तिथे राहुट्या ठोकून कित्येक दिवस मुक्काम करतात. पूर्वी शेतकरी बैलगाडीत बायका-मुलं, गोधड्या, पीठ-मीठ घालून यायचे, गाडीखाली झोपायचे आणि तीन दगडांच्या चुलीवर रांधायचे. महाशिवरात्रीला देवमोगरा मातेच्या यात्रेला आपल्या तालुक्यातले आदिवासी बांधव सहकुटुंब जातात, उघड्यावर मुक्काम करतात. तोरणमाळच्या गोरखनाथाच्या यात्रेचंही तेच. आता सारंगखेड्याला चेतक महोत्सवाचे तंबू लागतात, त्यात पलंग असतो, दिवा असतो. पण मूळ कल्पना आपल्या आजोबांचीच.

तरुण मंडळींनी कॅरॅव्हॅनचा विषयही काढला होता. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला बाक, छोटी शेगडी, बेसिन, संडास. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करायच्या जागांचा, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार केला आहे. गाडीपेक्षा जागा महत्त्वाची, हे लक्षात घ्या. अशा गाडीला सपाट आणि टणक जमीन लागते, पाणी भरायला नळ लागतो, विजेचं कनेक्शन लागतं आणि सगळ्यात मुख्य म्हणजे संडासाची टाकी रिकामी करायला योग्य सोय लागते. अमेरिकेत कित्येक धरणं तिथल्या लष्कराच्या अभियंता विभागाने बांधली आणि त्याच विभागाने त्या तलावांच्या काठी मुक्कामाच्या जागा तयार करून चालवल्या. प्रत्येक जागेला नंबर, लाकडी टेबल, चुलीसाठी लोखंडी कडं, विजेचा खांब. रात्री ठरलेल्या वेळेनंतर आवाज बंद. ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी फोटो पाहिले असतील.

आपल्या नवापूरवरून सुरत-धुळे महामार्ग जातो. उद्या अशी जागा इथे झाली तर सुरतची कुटुंबं सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचतील. पण आज तशी सोय नाही, म्हणून सध्या आपली कॅरॅव्हॅन म्हणजे एक ट्रॅव्हलर गाडी आणि सामानाला एक छोटा टेम्पो. गुजराती कुटुंबं तर कितीतरी वर्षं बस करून, बरोबर महाराज, गॅस आणि मोठी पातेली घेऊन भारतभर फिरत आली आहेत. त्यांच्याकडून शिकायला काही हरकत नाही. निम्मं स्टेशन आपण त्यांच्याबरोबर वाटून घेतलंच आहे.

आता जागांकडे वळू.

पवना हे मावळातलं धरण. समोर लोहगड, तुंग, तिकोना. मुंबई-पुण्याहून जवळ, म्हणून शनिवार-रविवारी काठावर तंबूंच्या रांगाच लागतात. संध्याकाळी चहा-भजी, रात्री शेकोटी, जेवण, सकाळी पोहे, असं ठरलेलं पॅकेज असतं. भंडारदऱ्याला प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आणि त्याचा आर्थर लेक. पावसाच्या तोंडावर तिथे काजवे पाहायला लोक लोटतात. दोन्ही जागा सुंदरच आहेत. पण आपल्याकडून पवनेचा रस्ता म्हणजे अख्खा दिवस गाडीत. लहान मुलं आणि आमच्यासारखे ज्येष्ठ घेऊन एका रात्रीसाठी दोन दिवस रस्त्यावर घालवणं हिशेबात बसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर मुद्दलापेक्षा व्याज जास्त.

जवळच्या जागा तीन. तोरणमाळ हजार मीटरहून उंच, वर यशवंत तलाव, हिवाळ्यात कडाक्याची थंडी, राहायला खोल्याही मिळतात. घाटाचा रस्ता मात्र वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी आलं-लिंबू जवळ ठेवावं. दुसरी जागा पदमडुंगरी. उनाईच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे आपण जातोच, त्याच भागात अंबिका नदीकाठी गुजरातच्या वनखात्याची ही मुक्कामाची जागा आहे. गावातलेच आदिवासी बांधव ती सांभाळतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोयीची. आणि तिसरी जागा म्हणजे उकाईच्या फुगवट्याचा आपल्या तालुक्याकडचा काठ. माझा कौल या तिसऱ्या जागेला आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो.

उकाईचं धरण १९७२ साली पूर्ण झालं. भिंत गुजरातेत सोनगडजवळ, जलाशयाचं नाव वल्लभसागर, २२ दरवाजे, पायथ्याशी ३०० मेगावॉटचं वीजघर. पाणी मात्र मागे पसरत पसरत आपल्या तालुक्यापर्यंत येतं. आपली रंगावलीसुद्धा शेवटी त्याच पाण्याला मिळते. आपल्या स्टेशनसारखाच हा तलाव दोन राज्यांत विभागलेला आहे. फरक एवढाच की स्टेशनवर सीमारेषा बाकावर रंगवलेली दिसते, पाण्यावर काही दिसत नाही.

या पाण्याखाली दोन्ही राज्यांतली मिळून शंभराहून जास्त गावं गेली. त्यातली काही आपल्या भागातली. बँकेत असताना माझ्याकडे एक वयस्कर खातेदार यायचे. विस्थापित गावातले. अंगठा देणारे, पण हिशेबाला पक्के. एकदा पीककर्जाच्या पाहणीला त्यांच्या नव्या गावी गेलो होतो. काम झाल्यावर ते मला टेकाडावर घेऊन गेले. समोर अथांग पाणी. मी सहज म्हणालो, "काय सुंदर दृश्य आहे!" त्यांनी मान हलवली आणि बोट दाखवत सांगायला लागले. तिथे आमची विहीर होती, तिच्या अलीकडे मोहाची दोन झाडं होती, पलीकडे माझ्या मामाचं घर होतं. मला तर सगळं पाणीच दिसत होतं. त्यांना मात्र गावचा नकाशा दिसत होता. मग म्हणाले, "साहेब, सुरतेला उसाला पाणी जातं, वीज जाते, ते चांगलंच आहे. पण आमच्याकडे कोणी बघायला येत नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते मनात राहिलं.

म्हणून मी म्हणतो, पॅकेजवाल्याला दोन पैसे द्यायचेच आहेत तर ते या काठावरच्या एखाद्या गावाला देऊ. गावकऱ्यांची संमती घेऊ, ज्याची जमीन त्याला भाडं देऊ, स्वयंपाकाला गावातल्याच ताई सांगू. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते नुसतं पिशवीवर वाचण्यापेक्षा चुलीवरच्या वरणात चाखू. जोडीला नागलीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लसणाची चटणी. मुलांनी एकदा तरी बघावं की आपल्या बटणाच्या दिव्यामागे, नळाच्या तोटीमागे कुणाची तरी जमीन गेलेली असते.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट. हिवाळा-उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तशी काठाची काळी, सपाट जमीन उघडी पडते. तंबू ठोकायला मोह होतो. पण धरणाकाठचे शेतकरी अशा जमिनीत गाळपेर करतात. दिसायला मोकळं मैदान असतं, प्रत्यक्षात ते कुणाचं तरी शेत असतं. शिवाय वरून वाळलेला गाळ आतून ओला राहतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, गाडी तर निघतच नाही. तंबू वर, टणक मुरमाड जमिनीवर, भरतीच्या खुणेच्या बराच वर. झाडांच्या बुंध्यांवर, खडकांवर पाण्याची रेघ दिसते, तीच खूण. वनजमीन असेल तर वनखात्याची लेखी परवानगी. तोंडी 'हो' चालणार नाही. आम्ही तोंडी 'हो'वर कधी कर्ज दिलं नाही.

आता विरोधी बाजू. ती मी हलक्यात घेत नाही.

ऑगस्ट २०१८ चा रंगावलीचा पूर इथे बसलेल्या प्रत्येकाला आठवतो. नवापुरात माणसं गेली, घरं गेली, गुरं गेली. आपल्या खालच्या गल्लीतल्या घरांत पाणी शिरलं तेव्हा ज्यांची घरं दुमजली होती त्यांच्या गच्चीवर सगळे जमलो. कुणाचं कुकर, कुणाचे तांदूळ, कुणाच्या चादरी, काही हिशेब नव्हता. मागच्या सभेत आपल्या एका वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने ते पाणी पाहिलंय. अजून मोठा पाऊस आला की तो माझ्या खोलीत येऊन झोपतो. त्याला मी पाण्याजवळ नेणार नाही." सभागृह शांत झालं. त्या आज इथे आहेत. वहिनी, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. त्यालाच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

तुमच्या भीतीला आधार आहे. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. आपल्याच जिल्ह्यात २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पाण्यात भाविकांची बोट उलटली. त्यातही लहान मुलं होती.

या तिन्ही घटना नीट पाहा. हरणीला आणि नर्मदेत बोटीत माणसं जास्त भरली होती, आणि हरणीला सगळ्या मुलांना लाइफ जॅकेट नव्हती. भुशीला ऐन पावसाळ्यात, वाहत्या ओढ्याच्या मधल्या खडकावर कुटुंब उभं होतं आणि वरून लोंढा आला. चुकीचा महिना, चुकीची जागा, किंवा माणसांच्या संख्येवर लक्ष नाही. या तिन्ही गोष्टी आधी ठरवता येतात. पूर आपल्या घरात येतो तेव्हा आपल्या हातात काही नसतं. तलावाकाठी आपण जातो तेव्हा महिना, जागा, अंतर, वेळ सगळं आपण निवडतो. तुमच्या मुलाला हा फरक एकदा अनुभवाने कळला तर पावसाच्या रात्री त्याला थोडा आधार होईल, असं मला वाटतं. हे डॉक्टरांचं मत नाही, एका आजोबाचं मत आहे. तो काठापासून लांब, तंबूच्या दाराशी बसून राहिला तरी चालेल. त्याला कोणी 'भित्रा' म्हणणार नाही, ही जबाबदारी माझी.

पाणी कसं वाढतं हे मुलांनी समजून घ्यावं, म्हणून दोन शब्द. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. वरच्या भागात मोठा पाऊस झाला की भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, पाणी सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बंधाऱ्यांतून पुढे सरकतं आणि शेवटी उकाईत येतं. म्हणजे नवापुरात लख्ख ऊन असलं तरी फुगवटा चढू शकतो. उकाई पूर्ण भरतं ३४५ फुटांना. ऑगस्ट २००६ मध्ये इथून मोठा विसर्ग झाला आणि सुरत पाण्याखाली गेलं होतं, हे तुमच्या तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकलं असेल. म्हणून जून ते ऑक्टोबर मुक्काम नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. दिवाळीनंतर आवक थांबलेली असते, तलाव भरलेला असतो आणि पाणी हळूहळू उतरत असतं. नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी हा आपला काळ. आणि धरणाच्या खालच्या अंगाला, वीजघराच्या पुढे नदीपात्रात तर कधीच उतरायचं नाही. तिथे पाणी सोडलं की पातळी एकदम वाढते.

आता नियम सांगतो. स्मरणिकेत छापून येतील, पण आज ऐकून घ्या.

पहिला नियम पाण्याचा. पोहायचं नाही, अगदी चांगलं पोहता येत असलं तरी. तळाशी जुन्या विहिरी, भिंती, झाडांचे खुंट आणि कोळी बांधवांची जाळी असतात. पाय धुवायचे तेही गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागी. काठापासून पन्नास पावलांवर दोरी बांधायची. दोरीच्या पलीकडे मूल एकटं जाणार नाही. होडीत बसायचं ठरलं तर लाइफ जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेले. जितकी जॅकेटं तितकीच माणसं. होडीत उभं राहून सेल्फी नाही.

दुसरा नियम मोजदादीचा. दर आठ मुलांमागे दोन मोठी माणसं, नावं आधी ठरलेली. 'सगळे लक्ष ठेवतील' असं म्हटलं की कोणीच लक्ष ठेवत नाही. दर दोन तासांनी शिट्टी आणि हजेरी. बँकेत संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नव्हतो. इथेही हजेरी जुळल्याशिवाय कोणी जेवायला बसणार नाही.

तिसरा नियम विस्तवाचा. शेकोटी तंबूंपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. आणि कितीही थंडी असली तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत न्यायची नाही. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. जास्तीच्या गोधड्या घ्या.

चौथा नियम सापाचा. आपल्याकडे मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा चावा फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं. म्हणून तंबूची चेन कायम बंद, तंबू नसेल तर बाजेवर झोपणं, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. बूट झटकून घालायचे. रात्री उठलात तर बॅटरी लावूनच पाऊल टाकायचं. चावलाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, भगताकडे नेणं यात वेळ घालवायचा नाही. माणसाला शांत ठेवायचं, चालू द्यायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ मोठं सरकारी रुग्णालय. १०८ दोन्ही राज्यांत चालतो. एक गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडे करून, चालकासह तयार राहील.

पाचवा नियम आम्हा ज्येष्ठांचा आणि भगिनींचा. त्यांची सोय झाली नाही तर सहल फसली म्हणून समजा. साठ माणसं धरली तर चार तात्पुरती शौचालयं हवीत, त्यातलं एक कमोडचं. तीही पाण्यापासून लांब, आणि रात्रभर उजेड. पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर धरलं तर साठ जणांना दिवसाला तीनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंधरा जार. दोन दिवसांचे तीस. तलावाचं पाणी प्यायचं नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिनसाठी बर्फाची पेटी, ज्याची त्याने आठवण ठेवायची. ज्यांना रात्र झेपणार नाही त्यांनी जेवून घरी परतावं, तासाभराचा तर रस्ता आहे. पवनेला हे जमलं नसतं.

सहावा नियम शेजारधर्माचा. डीजे नाही. गावाला सकाळी शेतावर जायचं असतं. ढोलक, भजन, अंताक्षरी रात्री दहापर्यंत. कचरा गोणीत भरून परत आणायचा, थर्माकोलच्या पत्रावळ्या नेऊच नका, पळसाच्या न्या. आणि ज्या बंधूंना संध्याकाळी वेगळी 'व्यवस्था' लागते त्यांना नम्र विनंती. पाण्याशेजारी ती चालणार नाही. शिवाय वाटेत कुठे हद्द ओलांडून गुजरातेत शिरलात तर तिथे दारूबंदी आहे, आणि तुम्हाला सोडवायला कमिटी येणार नाही.

(हशा थांबल्यावर) आता पैसा. सिंकिंग फंडाला आणि दुरुस्ती निधीला हात लावायचा नाही. ते पैसे इमारतींचे आहेत, उपविधी तसंच सांगतात. सहलीची वर्गणी वेगळी, पावती वेगळी, उरलेले पैसे परत. ज्या दोन-तीन घरांना वर्गणी जड जाईल त्यांची नावं फक्त खजिनदारांना माहीत असतील, त्यांचा वाटा आम्ही पेन्शनर मंडळी उचलू. तो आमचा आनंद. १८ ते ७० वयाच्या सगळ्यांनी आपापल्या बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा चालू आहे का तपासा. वर्षाला वीस रुपयांत अपघाताचं दोन लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मी त्या वयात बसत नाही, म्हणून मला विशेष सांभाळा.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल, एवढ्या कटकटीपेक्षा हॉलमधलं जेवण बरं. जेवण जरूर ठेवा. पण आपल्या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडताना मला एक नोंद अस्वस्थ करते. सुरुवातीला इथे चार घरं बांधून झाली होती तेव्हा संध्याकाळी सगळे एका ओट्यावर बसायचे. आता बेचाळीस घरं आहेत, प्रत्येकाला गेट आहे, गेटला कॅमेरा आहे. दोन घरं सोडून कोण राहतं हे मुलांना सांगता येत नाही. कित्येकांची मुलं पुण्या-सुरतेला, काही समुद्रापलीकडे. आई-वडील इथे दोघंच. २०१८ च्या त्या रात्री गच्चीवर आपण एकमेकांना शेवटचं नीट ओळखलं, असं मला कधी कधी वाटतं. तेव्हा संकटाने एकत्र आणलं. आता एकदा आपण होऊन एकत्र येऊ.

तेव्हा माझी सूचना अशी. पुढच्या महिन्यात पाच जणांची समिती पाहणीला जाईल. त्यात दोन भगिनी हव्यातच, आणि त्या वहिनी तयार असतील तर त्यांना मी समितीचं प्रमुखपद सुचवतो. जागेवर जाऊन, गावकऱ्यांशी बोलून, पाण्याची रेघ आणि रुग्णालयाचा रस्ता बघून त्या सांगतील. त्यांना पटलं तर उकाई. जागा पटली नाही तर पदमडुंगरी. तिथेही मन घेतलं नाही तर तोरणमाळच्या खोल्या. त्या नको म्हणाल्या तर या वर्षी रात्रीचा मुक्काम रद्द, आणि त्यावर पुन्हा मतदान मागायचं नाही. ज्याला धोका जास्त दिसतो त्याच्याच हातात सही असावी, हे मी चौतीस वर्षांच्या नोकरीत शिकलो.

मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. मुलांनो, तुम्ही दोन्ही हात वर केलेत तरी मत एकच धरलं जाईल.